धांड्यातली साखर आणि आपला बाजार

कापडाच्या दुकानदाराला ज्वारीच्या धांड्यातल्या साखरेशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. परंतु आपल्या औरंगाबादेत (सरकारी दफ्तरी आता छत्रपती संभाजीनगर) शहागंज, सिटी चौक किंवा गुलमंडीवर ज्याचे दुकान आहे त्याला हा प्रश्न पडणार नाही. आपला गल्ला शहरातल्या नोकरदारावर चालतो तितकाच फुलंब्री, पैठण, गंगापूर, कन्नडच्या शेतकऱ्यावर चालतो. शेतात माल निघाला की लग्नाचा बस्ता निघतो. माल फसला की तोच माणूस दोन चादरी घेऊन उधारीची वही पुढे करतो. मंदीच्या गप्पांत आपण जीएसटीला दोष देतो, मोबाइलवरून कापड मागवणाऱ्यांना दोष देतो. ते काही खोटे नाही. पण खेड्यातल्या गिऱ्हाइकाच्या हातात रोख पैसा कोणत्या महिन्यात येतो, कोणत्या पिकाचा येतो, याचा हिसाब आपल्यापैकी फार थोडे दुकानदार ठेवतात.

हा हिसाब आता नव्याने मांडण्याची वेळ आली आहे, कारण पिकातली साखर हा पेट्रोलचा मामला झाला आहे. जानेवारी २००३ मध्ये देशातल्या नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला. २०२५ मध्ये हे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचले. एवढे इथेनॉल येते कोठून? उसापासून, मक्यापासून आणि तांदळापासून. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्याने साखर कमी पडेल या भीतीने केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंधन आणले आणि ते पुढच्या हंगामासाठी उठवले. त्या वर्षी मक्याला मागणी चढली. सिल्लोड-कन्नडकडच्या मका उत्पादकाला त्याचा लाभ झाला, तर कोंबडीखाद्य घेणाऱ्या पोल्ट्रीवाल्यांनी डोक्याला हात लावला. दिल्लीत एक कागद निघतो आणि इथल्या मोंढ्यात भाव हलतो, हे आपण पाहिलेच आहे.

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात आणखी एका पिकाचे नाव आहे, त्याकडे आपल्या भागात कोणाचे लक्ष नाही. ते म्हणजे गोड ज्वारी. मराठवाड्याला ज्वारी शिकवायला नको. ज्या पिकावर आपल्या बापजाद्यांची भाकरी चालली, त्याच्याच कुळातले हे पीक. वर कणीस, मधे रसाने भरलेला धांडा. धोरणात नाव आहे, परंतु मोंढ्यात त्या धांड्याला भाव नाही. का नाही, हे समजून घेतले तर आपल्या कामाची गोष्ट हाती लागते.

आधी साखर धांड्यात येते कशी ते पाहू. पान ऊन, हवा आणि पाणी यांपासून साखर तयार करते. ती साखर बारीक नळ्यांतून खाली उतरते. साध्या ज्वारीत तिचा मोठा वाटा कणसात जातो आणि दाण्याचे पीठ बनतो. गोड ज्वारीत दाणा भरतोच, पण शिवाय धांड्याच्या गाभ्यातल्या पेशी साखर साठवून ठेवतात. कित्येक ज्वाऱ्यांचा गाभा भेंडासारखा कोरडा असतो, काहींचा रसाळ. हा फरक ज्या एका जनुकामुळे पडतो ते शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये शोधून प्रसिद्ध केले. त्याचे नावच 'ड्राय'. ते जनुक काम करीत असेल तर गाभा सुकतो, बिघडलेले असेल तर रस राहतो. बिघाडातून फायदा, असा हा प्रकार! मात्र रसाळ म्हणजे गोड असे नव्हे. पाणचट रसाचा धांडाही असतो. वाण निवडताना रस आणि गोडी दोन्ही पाहावी लागतात.

उसात हीच गोष्ट जास्त सावकाश होते. लहानपणी ज्याने गंडेऱ्या खाल्ल्या त्याला ठाऊक आहे की बुडखा गोड आणि शेंडा फिका. जुनी पेरे भरलेली असतात, वरची अजून वाढण्यात गुंतलेली. थंडी पडली, पाणी तोडले, वाढ थांबली की साखर वर चढते. त्यासाठी ऊस बारा महिने, आडसाली असेल तर सोळा ते अठरा महिने रानात उभा राहतो आणि तितके महिने पाणी पितो. गोड ज्वारी चार महिन्यांत तयार होते आणि तिला उसाच्या तुलनेत फार थोडे पाणी लागते. रसातली गोडी मोजण्याचे माप ब्रिक्स. चांगल्या उसाच्या रसाचे ब्रिक्स १८ ते २२ असते, चांगल्या गोड ज्वारीचे दाणा पक्व होण्याच्या सुमारास साधारण १४ ते १८.

पाण्याचा विषय आपल्या भागात बोलून दाखवायची गरज नाही. पैठणला जायकवाडीसारखे धरण असूनही उन्हाळ्यात शहराच्या नळाचे काय होते ते घराघरांत माहीत आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. अशा मुलखात साखर हवी म्हणून प्रत्येकाने ऊसच लावावा, हे मला पटत नाही. ज्याच्याकडे कालव्याचे खात्रीचे पाणी आहे त्याने ऊस खुशाल लावावा. माझे म्हणणे पावसावरच्या शेतकऱ्याविषयी आहे, आणि आपली बहुतेक उधारी त्याच्याकडेच आहे.

आता अडचण. गोड ज्वारीच्या रसात उसासारखी निव्वळ दाणेदार होणारी साखर नसते. तिच्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बरेच असतात, शिवाय थोडे पीठही उतरते. त्यामुळे रस आटवला तर साखरेचा खडा सहज पडत नाही, गुळाची ढेपही नीट बसत नाही. अमेरिकेत हे पीक १८५० च्या दशकात गेले. तिथे त्यापासून साखर करण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले आणि ते मागे पडले, पण काकवी मात्र टिकली. तिथल्या काही राज्यांत गोड ज्वारीची काकवी आजही खातात आणि विकतात. म्हणजे या रसाची नैसर्गिक वाट दोनच ठिकाणी जाते, काकवीकडे किंवा अल्कोहोलकडे.

दुसरी अडचण याहून मोठी आहे आणि ती खास व्यापाऱ्याने समजून घ्यावी अशी आहे. धांडा कापला की त्यातली साखर टिकत नाही. उन्हात पडलेल्या धांड्यात तिचे रूपांतर सुरू होते, जंतू लागतात, वजन उडते, रस आंबतो. चोवीस तासांच्या आत चरकात गेला तर ठीक, दोन-तीन दिवस ट्रॉलीत पडला तर शेतकऱ्याने पिकवलेली साखर वाटेतच संपते. कापूस महिनाभर घरात ठेवता येतो, मका पोत्यात भरून भावाची वाट पाहता येते. धांडा वाट पाहत नाही. तो भाजीपाल्याच्या जातीचा माल आहे, आणि आजवर ज्यांनी त्याचा मोठा धंदा मांडला त्यांनी तो धान्याच्या जातीचा समजून मांडला, असे मला वाटते.

महाराष्ट्रात या पिकावर सर्वांत चिकाटीने काम झाले ते फलटणला. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीची वाणे तयार केली, त्यात 'मधुरा' हे नाव गाजले. डॉ. अनिल राजवंशी यांनी तिथे रसापासून अल्कोहोल करून ते खेड्यातल्या चुलीत आणि कंदिलात जाळण्याचे प्रयोग केले. काकवीही केली. राजवंशींना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. काम खरे होते, पण अल्कोहोल म्हटले की अबकारी खाते आले. घरच्या चुलीसाठी सुद्धा ते मोकळेपणाने विकणे अवघड, तेव्हा धंदा म्हणून ते पसरले नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठानेही गोड ज्वारीची वाणे दिली आहेत, तेव्हा बियाण्याची वानवा आहे असे म्हणता येत नाही.

पुढे २००० च्या दशकात हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने मेदक जिल्ह्यात एका डिस्टिलरीला या पिकाकडे वळवले. आपल्या नांदेडकडेही टाटा केमिकल्सने गोड ज्वारीपासून इथेनॉलचा प्रकल्प उभारला. दोन्हीकडे तंत्र होते, नावे मोठी होती, तरी गोड ज्वारीचा हा धंदा तिथे रुजला नाही. कारणे ज्याला व्यापार कळतो त्याला दिसतात. पीक पावसाळी, तेव्हा धांडा मिळणार सप्टेंबर-ऑक्टोबरमधले काही आठवडे, आणि बाकीचे वर्ष कारखाना दुसरा माल शोधत बसणार. कारखाना एक, शेते लांब लांब विखुरलेली, रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत. बाजूला साखर कारखान्यांची मळी तयार पडलेली, तिच्याशी भावात टक्कर. रब्बीत घ्यावे तर दिवस लहान, थंडी, धांडा बारीक राहतो आणि वजन भरत नाही.

इक्रिसॅटने आणखी एक प्रयोग केला, मला तो जास्त मोलाचा वाटतो. मेदक जिल्ह्यातल्या इब्राहिमबाद गावी गावातच चरक बसवला. धांडा तिथेच गाळायचा, रस तिथेच आटवून पाक करायचा आणि तो टिकाऊ पाक डिस्टिलरीला पाठवायचा. वाटेतली नासाडी थांबवण्याचा हाच सरळ उपाय आहे. पण तिथेही घोडे अडले ते गिऱ्हाइकावर. पाक महाग पडला, आणि डिस्टिलरी मळीच्या भावाशी तुलना करणार. जो माल खाण्याच्या लायकीचा आहे तो जाळण्याच्या मालाच्या भावाने विकायचा, हा सौदा मुळातच तोट्याचा. आपण मलमल पोतेऱ्याच्या भावाने विकली तर दुकान किती दिवस चालेल?

म्हणून माझे मत असे आहे: गावातला चरक ठेवावा, गिऱ्हाईक बदलावे. आणि धांड्याचा भाव वजनावर न देता गोडीवर द्यावा.

गोडीच्या भावाचा मुद्दा जरा सविस्तर मांडतो, कारण सगळा फरक तिथे पडतो. समजा एक टन धांड्यातून ३५० किलो रस निघाला. रसाचे ब्रिक्स १६ असेल तर त्यात ५६ किलो घन माल आहे. ७५ ब्रिक्सची काकवी करायची तर ती भरेल सुमारे ७५ किलो. आता तोच धांडा दोन दिवस पडून राहिला, किंवा घाईने कोवळाच कापला, आणि ब्रिक्स १२ वर आले. रस तितकाच धरला तरी घन माल ४२ किलो, काकवी फक्त ५६ किलो. १९ किलोंचा फटका, आणि वर जास्त पाणी आटवायचे म्हणून जळण जास्त. वजनकाट्यावर दोन्ही ट्रॉल्या सारख्याच दिसतील. मग ज्याने वेळेवर कापून त्याच दिवशी आणला त्याला आणि ज्याने आळस केला त्याला एकच भाव द्यायचा का?

उसात आज हेच चालते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने उसाचा किमान भाव १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवला. उतारा वाढला तर भाव वाढतो हे खरे, पण उतारा धरतात तो सबंध कारखान्याचा. एकेका शेतकऱ्याची गोडी त्यात कोठेच दिसत नाही. ज्याने ऊस पक्व होऊ दिला त्याची मेहनत शेजाऱ्याच्या कोवळ्या उसात मिसळून जाते. आपल्या धंद्यात असे कोणी करील काय? पैठणी कोणी वजनावर विकत नाही. जर पाहतो, वीण पाहतो, पदर पाहतो. हिमरूचा एकेक वार बोटांनी चाचपून भाव ठरत आला. रसाची गोडी पाहणे तर त्याहून सोपे आहे. खिशात मावेल असे रिफ्रॅक्टोमीटर नावाचे यंत्र मिळते. काचेवर रसाचे दोन थेंब टाकून उजेडाकडे धरले की आकडा दिसतो. शेतकऱ्याच्या देखत पाहावे, त्यालाही पाहू द्यावे, वहीत आकडा लिहावा, त्याच संध्याकाळी पैसे द्यावेत. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असा कायदा १९६६ पासून आहे, आणि ते किती दिवसांनी येतात हे आपल्या उधारीच्या वहीवरून आपल्याला कळतेच. रोखीने घेणाऱ्या चरकाला गावात माल कमी पडणार नाही.

शेतकऱ्याच्या बाजूनेही एक मोठी गोष्ट आहे. पावसाळी ज्वारी आपल्याकडे का मोडली? कापूस आणि सोयाबीन आले हे एक कारण. दुसरे असे की, कणीस तयार होण्याच्या वेळी पाऊस लागला की दाणा काळा पडतो आणि मोंढ्यात त्याला कोणी विचारत नाही. धांड्यातल्या साखरेला दाण्याचा रंग आड येत नाही. दाणा काळा पडला तरी धांडा विकता येतो, दाणा चांगला निघाला तर दोन्ही. पैसा येतो ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे दिवाळीच्या खरेदीच्या तोंडावर आणि लग्नसराईच्या आधी. दुकानदारांनी हा महिना लक्षात ठेवावा.

आता आपल्या वाचकांच्या मनात जो प्रश्न आला असेल त्याकडे वळतो. इथेनॉल म्हणजे शेवटी अल्कोहोलच. पेट्रोलसाठीच्या इथेनॉलमध्ये ते पिता येऊ नये असे पदार्थ मिसळतात, हे खरे. तरी त्याच्या व्यापारात मुसलमानाने पडावे की नाही, हा मसला उलेमांचा आहे. ज्याला विचारायचे त्याने त्यांना विचारावे, मी कापड विकणारा आहे, फतवा देणारा नव्हे. व्यापारी म्हणून मात्र एवढे सांगू शकतो की, डिस्टिलरीला परवाने, अबकारी देखरेख आणि कोटींचे भांडवल लागते. ते आपल्या आवाक्यातले काम नाही. काकवीत मनाला शंका नाही आणि हाताला झेपेल असा धंदा आहे.

ही काकवी घेणार कोण? शहरातल्या बेकऱ्यांचा बराच धंदा आपल्याच लोकांच्या हातात आहे. केक, नानखटाई, गोड पाव यांत काकवी कितपत चालते हे त्यांनी एक डबा घेऊन पाहावे. युनानी दवा तयार करणारे शरबत आणि माजून यांना गोड पाक वापरतातच. भाकरीबरोबर काकवी खाणारी घरे मराठवाड्यात अजून आहेत, आणि शहरात साखरेऐवजी 'देशी' काही शोधणारे नवे गिऱ्हाईकही आहे. त्याला बाटलीवरचा कागद चांगला लागतो, एवढेच. एक खबरदारी सांगून ठेवतो. काकवीला औषध म्हणून विकू नये. ती साखरच आहे, मधुमेह्याला साखरेइतकीच जड. खोटी तारीफ करून विकलेला माल एकदा विकला जातो. आणि खाण्याचा पदार्थ म्हटला की अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी आधी, विक्री नंतर.

कारीगरांसाठी यात कापडवाल्यापेक्षा जास्त काम आहे. चरकाचे रोलर, गिअर, काहील, भट्टी, गाळणी, धुराडे हे सगळे आपल्या वर्कशॉपमधली मुले करू शकतात. चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांसाठी जे लेथवर सूत-सूत मोजून काम करतात, त्यांना रसवंतीचा चरक काय अवघड? फक्त ज्वारीचा धांडा उसापेक्षा बारीक आणि सालीने कडक असतो. उसाचा चरक जसाच्या तसा लावला तर रस चिपाडातच राहतो. रोलरमधले अंतर आणि दाब बदलून पाहावा लागेल, आणि जो कारीगर चिपाडातून शेकडा पाच किलो रस जास्त काढून दाखवील त्याचा चरक विकला जाईल. दुसरे काम काहिलीचे. या रसात पीठ असल्याने फेस फार येतो आणि बुडाशी लागतो. उथळ, पसरट काहील, वेळेवर मळी काढणे, गुऱ्हाळात घालतात तसा भेंडीचा चिकट रस, हे सगळे करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. पाला सोलल्याशिवाय धांडा गाळला तर काकवी काळी आणि तुरट होते, आणि पाला सोलायला मजूर लागतो. ही मजुरी हिसाबात न धरता कोणी कागदावर नफा दाखवला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

तसाच एक प्रश्न चिपाडाचा. भट्टीत ते जाळावे तर जळण फुकट. पण शेतकरी म्हणेल, माझ्या बैलांचा कडबा तुम्ही जाळलात. दुष्काळी वर्षात कडब्याची पेंढी कोणत्या भावाला जाते ते आठवा. माझ्या मते चिपाड शेतकऱ्याला परत द्यावे आणि भट्टीसाठी कपाशीच्या पऱ्हाट्या विकत घ्याव्यात. त्या बऱ्याच जागी बांधावरच जाळल्या जातात. खर्च थोडा वाढेल, पण पुढच्या वर्षी तो शेतकरी पुन्हा पेरील. जनावराचा चारा तोडून केलेला धंदा खेड्यात दुसऱ्या हंगामापर्यंत टिकत नाही.

कोणी म्हणेल, एवढे चांगले असते तर मोठ्या कंपन्यांनी सोडले नसते. मोठ्या कंपनीला रोज शेकडो टन धांडा लागतो आणि तो बारा महिने लागतो. तिला जे परवडले नाही ते चार-पाच टनांच्या चरकाला परवडणार नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. आणि परवडेलच असाही होत नाही. म्हणून कर्ज काढून शेड बांधण्याचा सल्ला मी देणार नाही. चार-पाच जणांनी मिळून भागीदारी करावी, त्यात एक दुकानदार, एक वर्कशॉपवाला, एक बेकरीवाला आणि गावातला एक भरवशाचा शेतकरी असावा. पहिल्या वर्षी दोन एकरांपेक्षा जास्त पेरू नये. पण तो दोन एकर एकाच दिवशी पेरू नये. दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा पेरावा, म्हणजे धांडा एकदम अंगावर येणार नाही आणि चरक महिनाभर चालेल. बियाण्यासाठी राहुरीला किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात चौकशी मृगापूर्वी, एप्रिल-मे महिन्यातच करावी. चरकाचे काम वर्कशॉपला त्याच वेळी द्यावे आणि पोळ्याच्या आधी तो उसावर एकदा चालवून पाहावा, कारण धांडा कापणीला आल्यावर रोलर घासण्याला वेळ मिळत नाही.